तिसरी घंटा, शाळेच्या हॉलमध्ये

गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आलं. पैशाच्या लोभापायी पोटच्या पोरीला पंचाहत्तरीच्या भुजंगनाथाच्या गळ्यात बांधायला निघालेला कांचनभट आणि त्या पोरीची तगमग, हा नाटकाचा विषय. बायका तेव्हा रंगभूमीवर येत नसत. त्यामुळे शारदा उभी राहायची ती मिसरूड न फुटलेल्या एखाद्या मुलाच्या रूपात. १८९० साली जन्मलेल्या केशवराव भोसल्यांनी स्वदेशहितचिंतक मंडळीत ही भूमिका गाजवली ती अशाच कोवळ्या वयात. अक्षरं गिरवण्याच्या वयातच ते कंपनीत आले होते. बाळपण हिरावलं गेलेल्या मुलीचं दुःख रोज रात्री गाणारा मुलगा स्वतः कंपनीच्या बिऱ्हाडात राबत होता, हे तेव्हा कुणाच्या डोळ्यांत खुपलं नाही.

नाटक कंपनी ही त्या काळी कितीतरी मुलांची शाळाच होती. पहाटे गळ्याची मेहनत, दिवसा तालीम, रात्री उशिरापर्यंत प्रयोग आणि मुक्काम हलला की पुन्हा बैलगाडी किंवा आगगाडी. पल्लेदार संवाद घोकता घोकता वाणी सुधारे, पदं बसवता बसवता राग कळे. सौदागर नागनाथ गोरे हा दहाएक वर्षांचा मुलगा १९२८ साली दामूअण्णा जोशी यांच्या बालमोहन मंडळीत दाखल झाला आणि पुढे छोटा गंधर्व म्हणून महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला. पण ज्यांच्या नशिबी गंधर्वपण नव्हतं, त्यांचा आवाज फुटला की स्त्रीपार्ट सुटायचा आणि मग कंपनीत काय पडेल ते काम करायचं. नाटकानं मुलांचं काय होतं, असा विचार करायला कंपनीला सवड नव्हती. मुलांमुळे नाटकाचं काय होतं, एवढंच तिकीटखिडकीला ठाऊक होतं.

हे चित्र बदललं ते मास्तरांनी. मराठीतल्या मुलांच्या नाटकाचा गेल्या शंभर वर्षांचा प्रवास पाहिला, तर त्याच्या जवळजवळ प्रत्येक वळणावर कुणीतरी शिक्षक उभा दिसतो. कुणी वर्गात शिकवता शिकवता लिहू लागला, कुणी आपल्या पोरांसाठी नाटककाराच्या दारात जाऊन उभी राहिली, कुणी शाळेचा हॉल मोकळा करून दिला. नाटक शाळेत जन्मलं, मोठं व्हायला नाट्यगृहात गेलं आणि आता पुन्हा वर्गाच्या दाराशी येऊन उभं आहे.

शाळेतल्या नाटकाचं पहिलं हक्काचं घर म्हणजे स्नेहसंमेलन, बोलीतलं गॅदरिंग. वर्षातून एकदा, बहुधा थंडीच्या दिवसांत, मैदानात मांडव पडायचा किंवा हॉलमधली बाकं हलवून रंगमंच उभा राहायचा. ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणलेले मुकुट आणि झगे, मास्तरांच्या घरून आलेली लोड-तक्क्यांची बैठक, विंगेत पुस्तक धरून बसलेला प्रॉम्प्टर. नाटक बहुधा ऐतिहासिक किंवा पौराणिक, कारण त्यात मुलींची कामं कमी आणि बोध भरपूर. समोर पहिल्या रांगेत प्रमुख पाहुणे, संस्थेचे चिटणीस, त्यामागे पालक. शाळेची शिस्त, मुलांचं पाठांतर आणि त्यांचं स्वच्छ मराठी यांचं जाहीर प्रदर्शन म्हणजे हे नाटक. मुलं त्यात मनापासून रमत, यात शंका नाही. तालमींच्या नावाखाली तास बुडत, हाही आनंद लहान नव्हता.

याच शाळकरी वातावरणातून मराठीला एक नवा नाट्यप्रकार मिळाला. शंकर काशीनाथ गर्गे, म्हणजे दिवाकर (१८८९–१९३१), पुण्यात शाळामास्तर होते. रॉबर्ट ब्राउनिंगच्या नाट्यात्म एकभाषितांनी त्यांना भुरळ घातली आणि १९११ पासून ते ‘नाट्यछटा’ लिहू लागले. एकच पात्र बोलतं. समोरचं माणूस दिसत नाही, त्याचं बोलणं ऐकू येत नाही, पण बोलणाऱ्याच्या उत्तरांवरून ते सगळं कळतं. पाच-सात मिनिटांत एक अख्खा माणूस त्याच्या ढोंगासकट उघडा पडतो. ‘पंत मेले – राव चढले’ किंवा ‘चिंतातुर जंतु’ ही नावं आजही मराठीच्या शिक्षकांच्या ओठांवर असतात. फुलपाखरावरची वर्डस्वर्थची कविता शिकवणारा मास्तरही दिवाकरांनी सोडला नाही. आपल्याच व्यवसायातला कोरडेपणा त्यांनी आतून पाहिला होता.

दिवाकरांनी नाट्यछटा मुलांसाठी लिहिल्या नव्हत्या. तरी शाळांनी त्या उचलल्या याचं कारण साधं आहे. नाट्यछटेला पडदा लागत नाही, ड्रेपरी लागत नाही, दहा मुलांची तालीम एकाच वेळी जमवावी लागत नाही. एक मूल, एक कोपरा आणि समोर नसलेलं माणूस डोळ्यांपुढे आणण्याची शक्ती, एवढ्यावर काम भागतं. पुण्याची नाट्यसंस्कार कला अकादमी दिवाकरांच्या स्मरणार्थ नाट्यछटा स्पर्धा घेते आणि शंभर वर्षांपूर्वीचा हा प्रकार आजची मुलं मोबाइल, क्लास आणि फ्लॅटमधल्या आजी-आजोबांवर नव्याने लिहून सादर करतात.

दुसरे मास्तर आचार्य अत्रे. नाटककार, संपादक, चित्रपटकार, वक्ते अशा त्यांच्या अनेक रूपांच्या गर्दीत हेडमास्तर अत्रे मागे पडतात. पुण्याच्या कॅम्प भागातल्या कॅम्प एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि लंडनला जाऊन १९२८ मध्ये शिक्षणशास्त्राची पदविका घेतली. शाळेसाठी त्यांनी ‘गुरुदक्षिणा’ आणि ‘वीरवचन’ अशी नाटकं लिहिली. मग १९३३ साली ‘साष्टांग नमस्कार’ आलं, ते बालमोहन मंडळीनं रंगभूमीवर आणलं. म्हणजे शाळेच्या मांडवात हात बसलेला लेखक आणि मुलांच्या जिवावर उभी राहिलेली कंपनी यांची गाठ पडली आणि मराठी विनोदी नाटकाचं एक पर्व सुरू झालं. पु. ल. देशपांडे यांनीही मुंबईत शाळेत शिकवलं होतं. त्यांच्या नाट्यसंसारात ‘वयं मोठं खोटम्’ आणि ‘नवे गोकुळ’ ही मुलांची नाटकं आहेत, हे ‘तुझे आहे तुजपाशी’च्या टाळ्यांत विसरलं जातं.

गॅदरिंगच्या नाटकाला एक मर्यादा होती. ते मुलं करत, पण मोठ्यांसाठी. वेगळा विचार त्याच सुमारास गुजरातेतल्या भावनगरला चालू होता. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये तिथे दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातला मास्तर चौथीचा वर्ग हाती घेतो आणि छडी व घोकंपट्टीच्या जागी गोष्टी, खेळ आणि नाटक आणतो. तिथलं नाटक चालतं ते वर्गात, मुलांच्या मजेसाठी. १९२३ मध्ये मुंबईच्या ताराबाई मोडक गिजुभाईंच्या कामात सामील झाल्या आणि हा विचार मराठीत आला. १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांसह ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची, अशी त्यांची ‘कुरणशाळा’. बडबडगीत म्हणायचं तर हातवाऱ्यांसह, गोष्ट सांगायची तर सोंगं काढून, ही बालवाडीची रीत महाराष्ट्रात रुळली त्यात या दोघींचा वाटा मोठा. तिला कुणी नाटक म्हटलं नाही, आणि तिथे प्रेक्षकही नव्हता.

प्रेक्षक म्हणून मुलाचा विचार व्हायला १९५९ साल उजाडावं लागलं.

त्या वर्षी मुंबईत सुधा करमरकर यांनी ‘बालरंगभूमी – लिटल थिएटर’ ही संस्था काढली. वडील तात्या आमोणकर हे मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यकार्यातले, त्यामुळे घरातच नाटक. सुधाताई नृत्य शिकलेल्या, आणि अमेरिकेतल्या मुलांच्या रंगभूमीचा त्यांनी अभ्यास केलेला. संस्थेचं पहिलं नाटक ‘मधुमंजिरी’, गिरगावातल्या साहित्य संघात झालं. लेखक होता वीस-एकवीस वर्षांचा रत्नाकर मतकरी. नाटकातली चेटकीण स्वतः सुधाताईंनी केली. मुलांच्या नाटकात मोठ्या नटांनी, मोठ्या नाटकाइतक्याच मेहनतीनं काम करायचं ही गोष्ट तेव्हा नवी होती. तोवर मुलांचं नाटक म्हणजे मुलांनी केलेलं, चालवून घ्यायचं नाटक. इथे नेपथ्य खरं, प्रकाशयोजना खरी, नाचगाणी तालमीत घोटलेली, आणि समोर खुर्चीत पाय लोंबकळत बसलेला प्रेक्षक तिकीट काढून आलेला. त्याला बोधाचे चार शब्द ऐकवण्याआधी त्याची करमणूक करणं भाग होतं. तो कंटाळला तर जांभई लपवत नाही, सरळ उठून आईकडे शू लागली म्हणून हट्ट धरतो.

मतकरींनी १९६२ मध्ये पत्नी प्रतिभा यांच्यासह ‘बालनाट्य’ ही स्वतःची संस्था सुरू केली. नोकरी बँक ऑफ इंडियात, आणि उरलेल्या वेळात राक्षस, चेटकिणी, सरदार, मावश्या. ‘निम्मा शिम्मा राक्षस’, ‘अचाटगावची अफाट मावशी’, ‘सरदार फाकडोजी वाकडे’, ‘अलबत्या गलबत्या’ ही नावं मोठ्यानं उच्चारली तरी कळतं की लेखकाला मुलांच्या जिभेची गंमत ठाऊक आहे. ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी केली आणि एका पिढीच्या स्वप्नांत ती घुसून बसली. २०१८ मध्ये हेच नाटक नव्या संचात आलं तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले आणि प्रेक्षागृहात पहिल्या पिढीची मुलं आता नातवंडं घेऊन बसली होती.

याच काळात पुण्यात सई परांजपे ‘पत्तेनगरी’, ‘शेपटीचा शाप’, ‘झाली काय गंमत’ लिहीत आणि बसवत होत्या. मुंबईत वंदना विटणकरांनी ‘टुणटुण नगरी खणखण राजा’ आणलं, दिनकर देशपांड्यांचं ‘हं हं आणि हं हं हं’ गाजलं. बालनाट्याचा हंगाम ठरून गेला: मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळी. प्रयोग सकाळचा, कारण दुपार-संध्याकाळ मोठ्यांच्या नाटकांनी अडवलेली. मध्यंतरात वडापाव, आणि नाटक सुटल्यावर मेकअप न उतरवलेल्या राक्षसाशी हात मिळवायला रांग.

मात्र यश मिळालं की साचा तयार होतो. राजा बावळट, प्रधान लबाड, चेटकीण नाकात बोलणारी, शेवटी सज्जनांचा विजय आणि एक नाच, हा मसाला पुढच्या काळात अनेकांनी घाऊक प्रमाणात वापरला. कमी खर्चात, थोड्या तालमीत सुट्टीचे प्रयोग उरकणारी नाटकंही आली. शाळेत, घरात, गल्लीत मुलांचं जे रोजचं जगणं चाललं होतं, ते मात्र या नाटकांत क्वचितच दिसे.

ती वाट एका शिक्षिकेनं आधीच दाखवली होती. सुलभा देशपांडे दादरच्या छबिलदास शाळेत शिकवत. शाळेच्या मुलांसाठी नाटक हवं म्हणून त्या विजय तेंडुलकरांकडे गेल्या आणि रंगभूमीशी त्यांचा खरा संबंध तिथून जुळला. पुढे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली आलं तेव्हा लीला बेणारेच्या भूमिकेत त्या उभ्या राहिल्या. बेणारेही शाळामास्तरीणच. त्या भूमिकेनं मराठी नाटकाचा इतिहास बदलला, पण सुलभाताईंचं मुलांशी असलेलं नातं तिच्या सावलीत झाकोळलं गेलं, हे बरोबर नाही. तेंडुलकरांनी मुलांसाठी पुष्कळ लिहिलं: ‘इथे बाळे मिळतात’, ‘पाटलाच्या पोरीचं लगीन’, ‘चिमणा बांधतो बंगला’, ‘चांभारचौकशीचे नाटक’. ‘गिधाडे’ आणि ‘सखाराम बाइंडर’ लिहिणाऱ्या लेखकानं त्याच सुमारास चिमण्याचा बंगला बांधायला घ्यावा, यात त्याला स्वतःला काही विसंगत वाटलं नसावं.

१९७१ मध्ये अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदींनी ‘आविष्कार’ स्थापन केली, आणि १९७४ पासून छबिलदास शाळेचा हॉल तिचं घर झाला. दिवसा वर्ग भरायचे, संध्याकाळी त्याच इमारतीच्या जिन्यावर चपलांचा ढीग पडायचा आणि वर महाराष्ट्रातलं सर्वांत धाडसी प्रायोगिक नाटक चालायचं. साधा हॉल, हलवता येणाऱ्या खुर्च्या, खाली दादर स्टेशनाजवळच्या रस्त्याचा गोंगाट. ‘छबिलदास चळवळ’ हे नाव मराठी नाट्येतिहासात पक्कं झालं ते एका शाळेमुळे.

आविष्कारचीच मुलांची शाखा ‘चंद्रशाळा’. माधव साखरदांडे यांचं ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य तिचं सर्वांत लाडकं अपत्य. स्टेजवर एकाच वेळी मुलांचा भला मोठा ताफा, नाच, गाणी, लोककलांचे बाज. मुलं मोठी झाली की बाहेर पडत, त्यांच्या जागी नवी तुकडी येई, आणि नाटक चालू राही. सुलभाताईंनी ‘राजाराणीला घाम हवा’ या कथावस्तूवर १९७८ मध्ये बाल चित्रपट संस्थेसाठी हिंदी चित्रपटही दिग्दर्शित केला. दादरमध्येच बालमोहन विद्यामंदिरात विद्या पटवर्धन या शिक्षिकेनं मुलांकडून नाटकं बसवण्याची परंपरा जोपासली आणि तिथून पुढे व्यावसायिक रंगभूमीवर आलेल्या नटांची यादी बरीच लांब आहे. दोन्ही ठिकाणी तालीम हीच खरी शाळा होती. दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं, आपलं वाक्य चुकलं तर सावरून घ्यायचं, मुख्य भूमिका मिळाली नाही तरी गर्दीत जीव ओतून उभं राहायचं. मराठीच्या पाठ्यपुस्तकातल्या नाट्यउताऱ्यावर कितीही प्रश्नोत्तरं लिहिली तरी हे हाती लागत नाही.

पुण्यात वेगळंच वारं आलं ते बर्लिनहून. पश्चिम बर्लिनमध्ये राजकीय कॅबरे करणाऱ्या तरुणांनी १९६६ मध्ये मुलांसाठी नाटकं सुरू केली. फोल्कर लुडविग हा त्यांचा लेखक आणि म्होरक्या, आणि १९७२ पासून या थिएटरचं नाव झालं ‘ग्रिप्स’. इथे परी नाही, राजपुत्र नाही. चाळीसारख्या इमारतीत राहणारी मुलं, खेळायला जागा न देणारा घरमालक, भांडणारे आईबाप, नव्या देशात आलेल्या कामगाराचा मुलगा, असे विषय. गाणी झणझणीत, विनोद भरपूर, आणि मुलांची भूमिका मोठ्या नटांनी करायची. प्रयोग पाहून आल्यावर वर्गात त्यावर बोलता यावं म्हणून शिक्षकांसाठी पुस्तिकाही निघत.

थिएटर अकॅडमीच्या मोहन आगाशे यांनी हे नाटक पुण्यात आणलं. ‘घाशीराम कोतवाल’मधला नाना फडणवीस म्हणून ते सर्वांना ठाऊक होते, पण त्यांचा पेशा मानसोपचारतज्ज्ञाचा. मुलांच्या मनात काय साचतं आणि ते बोललं गेलं नाही तर काय होतं, हे त्यांना दवाखान्यात रोज दिसत असणार. मॅक्स म्युलर भवनाच्या मदतीनं १९८६ मध्ये ‘छान छोटे वाईट मोठे’ रंगमंचावर आलं. नावातच नाटकाचा पवित्रा होता: पंचविशीतले नट चड्डी-फ्रॉक घालून मुलं झाले आणि मोठ्यांच्या जगाकडे खालून वर बघू लागले.

सुरुवातीला पालकांना ते जड गेलं असेल. मुलांच्या नाटकात आईवडिलांची चूक दाखवायची, ती दुरुस्त करायला मुलांनीच पुढे यायचं, हे गॅदरिंगच्या संस्कारांत बसणारं नव्हतं. पण मुलं हसत होती ती ओळखीचं काहीतरी सापडल्यासारखी. ‘नको रे बाबा’, ‘पण आम्हाला खेळायचंय’, ‘पहिलं पान’, ‘जंबा बंबा बू’ अशी नाटकं पुढे आली. श्रीरंग गोडबोले, विभावरी देशपांडे यांच्यासारख्यांनी जर्मन नाटकांची रूपांतरं करता करता पुण्याच्या मुलांची, इथल्या सोसायट्यांची, इथल्या स्पर्धेची नाटकं लिहायला सुरुवात केली. नट प्रौढ असल्यामुळे एक फायदा झाला. लहान मूल रंगमंचावर रडलं की प्रेक्षक त्याच्या गोडव्यात हरवतो. मोठा नट लहान मुलासारखा रडला की प्रेक्षकाचं लक्ष रडण्याच्या कारणाकडे जातं.

ग्रिप्सनं विषय बदलले, तरी मूल खुर्चीतच बसलेलं राहिलं. त्याला खुर्चीतून उठवण्याचा प्रयत्न इंग्लंडमध्ये दोन दशकं आधी सुरू झाला होता. कोव्हेन्ट्रीच्या बेलग्रेड थिएटरनं १९६५ मध्ये नट-शिक्षकांचा एक चमू शाळांत पाठवला. हे लोक वर्गात येत, एखादा पेचप्रसंग उभा करत आणि मुलांना त्यात ओढून घेत. खाणकामगारांचा संप असो की गावात येणारं धरण, मुलांनी गावकरी व्हायचं, वाद घालायचा, निर्णय घ्यायचा. डोरोथी हीथकोट या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी तर प्रेक्षकच काढून टाकला. शिक्षक स्वतः भूमिकेत शिरतो, मुलं तज्ज्ञांच्या भूमिकेत जातात आणि इतिहास-विज्ञानाचा अभ्यास त्या ओघात होतो, अशी त्यांची पद्धत. भारतात या प्रकाराला संस्थात्मक रूप आलं ते १९८९ मध्ये, राष्ट्रीय नाट्य विद्यालयानं बॅरी जॉन यांच्या नेतृत्वाखाली मुलांसाठीचा विभाग सुरू केला तेव्हा. त्याचंच नाव पुढे ‘संस्कार रंग टोळी’.

महाराष्ट्रात मात्र मुलांच्या नाटकानं दुसऱ्या दोन वाटा धरल्या: शिबिर आणि करंडक. सुट्टी लागली की नाट्यशिबिरांच्या जाहिराती लागतात. पंधरा-वीस दिवस खेळ, मुखवटे, आवाजाचे व्यायाम आणि शेवटच्या दिवशी पालकांपुढे सादरीकरण. लाजरं मूल बोलतं व्हावं, ही बहुतेक पालकांची अपेक्षा, आणि अनेकदा ती पुरीही होते. करंडकांचं जग याहून चुरशीचं. पुण्यात भालबा केळकर यांच्या आणि राजा नातू यांच्या नावाचे आंतरशालेय करंडक आहेत. कॉलेजात गेलं की महाराष्ट्रीय कलोपासकचा पुरुषोत्तम करंडक, १९६३ पासून चालत आलेला. एकांकिका लिहिणारे, दिग्दर्शित करणारे, दिवे लावणारे सगळे विद्यार्थीच. भरत नाट्य मंदिरात ‘अरे आव्वाज कुणाचा’ची आरोळी उठली की बाहेर लक्ष्मी रस्त्यापर्यंत पावसाळ्याची चाहूल लागते, असं पुणेकर म्हणोत न म्हणोत, ऑगस्ट-सप्टेंबरात निम्म्या कॉलेजांचे अभ्यास थंडावलेले असतात हे खरं. मराठी रंगभूमीला आणि चित्रपटाला गेल्या साठ वर्षांत जेवढे लेखक-दिग्दर्शक या स्पर्धेनं दिले, तेवढे कोणत्या नाट्यशाळेनं दिले असतील का, हा वाद घालण्याजोगा प्रश्न आहे.

पण करंडकाला जिंकणं-हरणं आलं, आणि निवड आली. चाळीस मुलांच्या वर्गातून दहा जण नाटकात, बाकीचे टाळ्या वाजवायला. ज्या मुलाला नाटकाची सर्वांत जास्त गरज, तेच मूल निवडीत सर्वांत आधी गळतं.

या गळालेल्या मुलांकडे वळणारे दोन प्रयोग अलीकडच्या काळात झाले. पहिला ठाण्याचा. पंचाहत्तरी ओलांडलेल्या मतकरींनी २०१४ मध्ये समता विचार प्रसारक संस्थेच्या साथीनं ‘वंचितांचा रंगमंच’ सुरू केला. झोपडवस्त्यांतल्या मुला-मुलींनी आपल्या जगण्यातल्या घटनांवर स्वतःच नाटिका रचायच्या आणि सादर करायच्या, असा त्याचा ढाचा. पाणी भरण्याच्या रांगा, बापाचं व्यसन, शाळा सुटलेली बहीण, कचऱ्याचा ढीग हे विषय कुणी बाहेरच्या लेखकानं दिलेले नव्हते. अर्ध्या शतकापूर्वी राक्षस आणि चेटकीण देऊन मुलांना नाट्यगृहात आणणारा लेखक या वेळी समोर बसून ऐकत होता. मुलांच्या नाटकातला सर्वांत लांब पल्ला मतकरी एकट्यानं चालून गेले, असं म्हणायला हरकत नाही. २०२० च्या मे महिन्यात ते गेले.

दुसरा प्रयोग पालघर जिल्ह्यातला, म्हणजे ताराबाई आणि अनुताईंच्याच मुलखातला. वाडा तालुक्यातल्या सोनाळे इथे काम करणाऱ्या ‘क्वेस्ट’ या शिक्षणसंस्थेनं अभिनेत्री गीतांजली कुलकर्णी यांच्या पुढाकारानं ‘गोष्टरंग’ हा उपक्रम उभा केला. तरुण नटांना पाठ्यवृत्ती दिली जाते, मुलांच्या चांगल्या गोष्टींच्या पुस्तकांतून काही गोष्टी निवडून त्यांची नाट्यरूपं बसवली जातात, आणि मग ही मंडळी आश्रमशाळांच्या दौऱ्यावर निघतात. नेपथ्य झोळीत मावेल एवढं. व्हरांडा किंवा वर्ग हाच रंगमंच. प्रयोग संपला की मुलांशी खेळ, गप्पा, चित्रं, आणि त्या गोष्टीचं पुस्तक मुलांच्या हातात. नाटक इथे वाचनाकडे नेणारा रस्ता आहे. ज्या मुलांच्या घरची बोली पुस्तकी मराठीपेक्षा वेगळी आहे आणि ज्यांच्या घरी पुस्तकच नाही, त्यांना छापील ओळीतलं माणूस आधी समोर हसता-बोलताना दिसतं. मग ती ओळ वाचायची ओढ लागते. दिवाकर, अत्रे, सुलभाताई यांनी शाळेतून नाटक बाहेर नेलं. गोष्टरंगचे नट नाट्यगृहातली तालीम घेऊन उलट दिशेनं, शाळेकडे निघाले आहेत.

धोरणांच्या कागदावर या सगळ्याला जागा मिळालेली आहे. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं संगीत, नृत्य आणि दृश्यकला यांच्या बरोबरीनं नाटक हा शालेय शिक्षणाचा भाग असावा असं सुचवलं. २०२० च्या शैक्षणिक धोरणातही कला आणि इतर विषय यांची सांगड घालण्याचा आग्रह आहे. प्रत्यक्ष वेळापत्रकात मात्र पी.टी.चा तास असतो, चित्रकलेचा असतो, कार्यानुभवाचा असतो. नाटकाचा तास बहुतेक शाळांत नाही, आणि तो घ्यायला नेमलेला शिक्षकही नाही. म्हणून अजूनही सगळं एखाद्या बाईंच्या किंवा सरांच्या हौसेवर चालतं. अशा बाई निवृत्त झाल्या की शाळेतलं नाटक बहुधा त्यांच्याबरोबरच निवृत्त होतं, आणि पुढच्या संमेलनात रेकॉर्ड डान्सची संख्या तेवढी वाढलेली असते.